मागल्याचा घोट

"आली बया. पीठ वाळायच्या आत आली."

आत्याबाई हे इतक्या हळू पुटपुटल्या, की शेवयांच्या पाटाला गुडघा लावून बसलेल्या मलाच तेवढं ऐकू गेलं. मी दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. उन्हाळ्यातली दुपार, गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं. बाहेर सोप्यात बाजेवर मामंजी झोपले होते आणि झोपेतच, घशाला कोरड पडलेल्या माणसासारखं, म्हणत होते, "केरन... पाणी... केरन..."

"उशाशी तांब्या भरून ठिवायचा मी," आत्याबाई पाटावरच्या शेवईला म्हणाल्या, "आन् पाणी मागायचं तिला."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, यमुनाबाई. मामंजी माझे सासरे. पलटणीतून हवालदार होऊन परत आलेले, म्हणून कोरेगावच्या पुढचं आमचं सगळं गाव त्यांना हवालदारच म्हणायचं. मी सून होऊन त्या घरात आले, तेव्हा ही बया तिथं आधीच येऊन बसलेली होती. नाव तिचं कुणी घेत नसे. ती, बया, फारच झालं तर 'तुझ्या सासऱ्याची पाहुणी'. मला तिचा पत्ता लागला तो माझ्या मुलीच्या बारशाला. मुलीचं नाव किरण ठेवूया, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. आत्याबाई घुगऱ्या वाटत होत्या. त्यांनी पाटी खाली आपटली, घुगऱ्या पार उंबऱ्यापर्यंत उडाल्या.

"हाय ती एक बास झाली ह्या घरात," त्या म्हणाल्या. "दुसरी नको."

मुलीचं नाव सुवर्णा ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तारूकाकींनी मला गोठ्याआड बोलावून सगळं सांगितलं. आत्याबाईंचं लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत मामंजींची पलटण बोटीत बसली. कुठं गेली, ते गावात कुणाला धड ठाऊक नव्हतं. लढाई सरल्यावर मामंजी आले, ते पहिल्याच झोपेत तिचं नाव घेत. मडमीण असावी, नाहीतर दवाखान्यातली नर्स, असा तारूकाकींचा अंदाज होता. "गोरी असणार," त्या म्हणाल्या. "काळीसाठी कोण एवढं कण्हतंय?"

"मग आत्याबाईंनी विचारलं नाही कधी?"

"काय इचारायचं? नवऱ्याचं नाव घेत न्हाई ती, तिचं घेईल?"

चार लेकरं झाली, लेकरांची लग्नं झाली, पण विचारलं नाही. मामंजी बोलायचे पिकाबद्दल, बैलाबद्दल, रेडिओवरच्या बातम्यांबद्दल. लढाईबद्दल एक अक्षर नाही. गावातून बाकीचे गेले ते कुणी ब्रह्मदेशात, कुणी इटलीत. मामंजींच्या पलटणीतलं दुसरं कुणी गावात नव्हतं, की ज्याच्याकडून खोदून काढावं. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. गावातले किती लढाईला गेले आणि किती मेले, ते तिच्यावर कोरलंय. कुठं मेले, ते नाही.

आणि घोटाची गोष्ट निराळीच. मामंजी तांब्या तोंडी लावल्यावर कधी पुरा संपवायचे नाहीत. कितीही तहान असू दे, तळाशी एक घोट ठेवायचे. तांब्या असा अलगद खाली ठेवायचे, जणू कुणीतरी मागून येऊन उचलणार आहे. आत्याबाईंच्या पिढीच्या रीतीप्रमाणे त्या नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायच्या. आमटीचा थेंबसुद्धा टाकायच्या नाहीत. पण तो घोट मात्र उचलून थेट न्हाणीत. तुळशीलासुद्धा घालायच्या नाहीत.

"तिचा वाटा हाय त्यो," त्या म्हणायच्या. "तिच्या वाट्याचं माझ्या तुळशीला कशाला?"

संसाराला लागताना आत्याबाईंनी मला दोन गोष्टी शिकवल्या. भाकरीचं पीठ कोमट पाण्यात मळायचं, आणि पुरुषाच्या झोपेवर कान ठेवायचा. पहिली मला जमायला दोन वर्षं लागली. दुसरी आठवड्यात जमली. आमचे हे एसटीत कंडक्टर. आठवड्यातून दोन मुक्काम घरी. मी त्यांच्या उशाशी कान लावून जागी राहू लागले आणि एकदा ऐकलंच. "ललगुण," हे म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, गोड आवाजात, "ललगुण, ललगुण." काय नाव तरी. तारूकाकींच्या गोऱ्या नर्सला मागं टाकील असं. सकाळी चहाचा कप यांच्यासमोर आदळून मी विचारलं, "ललगुण कोण?"

हे इतके हसले की चहा लेंग्यावर सांडला. "अगं शालन, गाव आहे ते. बुधच्या वाटेवर. तिथं उतरायचं असलं की माणसं झोपा काढतात, मग ओरडावं लागतं."

हे मी आत्ता का सांगतेय, ते पुढं कळेल. तेव्हा मला स्वतःलाच कळलं नव्हतं. इतकी ठळक शिकवणी मिळूनही नाही.

तर त्या दुपारी, बया येऊन गेल्यावर, आत्याबाई मला म्हणाल्या, "हात धू आणि वाच. डोस्कं तरी दुसरीकडं लागंल."

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढं शाळा लांब होती आणि स्थळ जवळ. पण वाचायचं मी सोडलं नाही. पुडीचा कागद, पंचांग, खताच्या पोत्यावरच्या सूचना, जे समोर येईल ते. गावच्या वाचनालयातून मामंजींच्या नावावर पुस्तकं आणायची. उन्हाळ्यात शेवया चालू झाल्या, की मी वाचायची, आत्याबाई पाटावर शेवई वळायच्या आणि तारूकाकी ती काठीवर झेलून दोन खाटांच्या मध्ये वाळत टाकायच्या. पुस्तक ऐतिहासिक लागायचं. आत्याबाईंना त्यात तीन गोष्टी हव्या असत. घोडं, तलवार आणि सवत. राजाची धाकटी राणी गोष्टीत आली, की पाटावर शेवई बारीक व्हायची. इतक्या दातओठ खाऊन त्या वळायच्या.

या वेळी पुस्तक मी घाईत उचललेलं. खाकी कागदाचं कव्हर, नावात 'घाट' हा शब्द. म्हटलं, सह्याद्रीतला घाट, मावळे, खिंड, झालं. पहिलं पान उघडलं तर त्यात आगबोट.

"राजा कुटाय?" आत्याबाईंनी चार पानांनंतर विचारलं.

"राजा इंग्रजांचा. तो लांब हाय."

"आन् घोडं?"

"खेचरं हायत."

"खेचरावर कसली मोहीम," तारूकाकी म्हणाल्या. "परत कर ते."

पण वाचनालय सोमवारशिवाय उघडत नव्हतं आणि पीठ भिजलेलं होतं. मी वाचत राहिले. गोष्ट आपल्याच माणसांची निघाली. साताऱ्याकडचे, कोकणातले मराठे गडी, पलटणीतून आफ्रिकेत उतरलेले. समोर इटलीवाले.

"इटली काय आपल्या बांधाला लागून हाय व्हय?" तारूकाकी म्हणाल्या. "त्यांच्या-आपल्यात कसलं भांडाण?"

"भांडण इंग्रजांचं. माणसं आपली."

"हां. म्हंजे कोर्टासारखंच."

आफ्रिका म्हटल्यावर आत्याबाईंची शेवई जरा जाड झाली, एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वाचत असताना तो शब्द दिसला. मोठ्यानं वाचणाऱ्याचे डोळे ओठांच्या पुढं पळत असतात. मी वरच्या ओळीत होते आणि खालच्या ओळीत तो बसला होता, काळ्या शाईत, तीन अक्षरांचा. मी वाचता वाचता थांबले.

"काय गं?"

"काही नाही. ठसका लागला." आणि मी वाचलं, "आता पलटणीला त्या... त्या घाटापर्यंत पोचायचं होतं."

त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून मी पुढची पानं चाळली. शब्द पानोपानी होता. केरनच्या वाटेवर. केरनचे डोंगर. केरन पडल्याशिवाय पुढचा मुलूख हाती येत नव्हता. उघड्या, तापलेल्या डोंगरांच्या आड बसलेलं एक गाव, आणि त्याच्याकडं जाणारी एकच चिंचोळी खिंड. आपली माणसं खालून वर चढतायत, वरून गोळ्या येतायत, आणि असं कितीतरी दिवस. सगळ्या पुस्तकात बाई म्हणून नाही. कुणाला आई आठवते, तेवढीच.

आधी मला हसू आलं. पदर तोंडात धरून हसले. ललगुण! या घरातले पुरुष झोपेत गावांची नावं घेतात, एवढं मला कळायला पाहिजे होतं. मग हसू थांबलं. आता हे सांगायचं कुणी? आणि कसं? 'आत्याबाई, तुमची सवत म्हणजे एक तालुक्याचं ठिकाण आहे,' असं? ज्या घरात ते नाव जागेपणी कुणी काढलं नव्हतं, तिथं सुनेनं काढायचं? मी ठरवलं, पुस्तक संपवायचं आणि सोमवारी मुकाट्यानं परत करायचं.

तिसऱ्या दुपारी सोप्यात मामंजी घोरत होते. मी वाचत होते. जिथं तो शब्द येईल तिथं 'तो घाट' म्हणत होते. आणि मग हे आलं.

"वर पाणी नव्हतं. जिथवर खेचरांचे पाय टिकत तिथवर पाणी खेचरांवर येई, तिथून पुढं माणसांच्या पाठीवर. दगडाआड एकामागं एक बसलेल्या माणसांत एक बाटली पुढून मागं फिरे. नियम एकच होता आणि तो कुणा साहेबानं घातलेला नव्हता. बाटली कुणी रिकामी करायची नाही. शेवटचा घोट मागल्याचा. मागं कुणी दिसत नसला, तरी मागल्याचा."

पाटावरची शेवई तुटली. आत्याबाईंची शेवई तुटताना मी आजवर पाहिली नव्हती.

"फिरून वाच," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी पिठाचे हात मांडीवर उलटे ठेवले होते आणि त्या सोप्याकडं बघत होत्या. बाजेखाली तांब्या होता.

"त्या जागेचं नाव काय लिवलंय?"

"घाट म्हणतात नुसतं. आफ्रिकेतला."

"शालन. मला अक्षर येत न्हाई, पण कान हायत. दोन दीस झालं, तू एकाच जागी अडखळतीस. काय लिवलंय तितं?"

तारूकाकी काठी हातात धरून उभ्याच राहिल्या. मी पुस्तकावर बोट ठेवलं, जणू त्यानं दोष बोटाकडं जाईल.

"केरन," मी म्हणाले.

काठीवरची एक शेवई सुटून जमिनीवर पडली.

"बाई न्हाई?"

"न्हाई, आत्याबाई. डोंगरातलं गाव हाय. तितं लढाई झाली. मोठी. आपली लई माणसं गेली."

तारूकाकींना दम निघेना. "अगं बया," त्या काठी खाटेवर टाकून हसायला लागल्या. "डोंगर! यमुने, माणसाला दुरून डोंगर साजरं दिसत्यात. तुला तर सवत दिसली. मी बी शहाणी, त्याला गोरा रंग दिला."

मी पण हसणार होते. आत्याबाईंकडं पाहिलं आणि हसू गिळलं. मला वाटलं होतं, त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरेल. त्यांचा चेहरा तर कुणी हातातलं हिसकून घेतल्यासारखा झाला होता.

"मग मी जलमभर कुणावर जळले?" त्या म्हणाल्या.

तारूकाकींनी खाटेवरची काठी पुन्हा हातात घेतली.

"बाई असती तर तिचं केस धरलं असतं. बाई असती तर कवातरी म्हातारी झाली असती, मेली असती, मी आंघोळ करून मोकळी झाले असते. डोंगर कुटं म्हातारा हुतोय?" त्यांनी तुटलेली शेवई गोळा करून पिठाच्या गोळ्यात दाबली. "आन् बाई न्हवती, तर हे इतक्या वरसात माझ्याजवळ असून नसल्यागत का ऱ्हायलं? तिच्यावर ढकलत व्हते मी सगळं. आता कुणावर ढकलू?"

"यमुने, आता या वयात..."

"तू घरी जा, तारू."

तारूकाकी गेल्या. आत्याबाईंनी उरलेलं पीठ झाकलं, पाट धुतला, हात धुतले आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कशाला वाचलंस?" मी पुस्तक मिटलं. संध्याकाळी मामंजी लवकर जेवले. आत्याबाईंनी त्यांचं उष्टं ताट बाजूला सारलं आणि स्वतःसाठी फळीवरून वेगळं ताट काढलं. लग्न झाल्यापासूनची रीत त्यांनी माझ्यासमोर मोडली. आता त्या डोंगरावर जळत होत्या, बाईवर जळल्या नव्हत्या इतक्या.

वेगळं ताट वाढून घेतलं खरं, पण त्या जेवल्या नाहीत. भात चिवडून उठल्या.

दिवेलागण झाली होती. मी माजघराच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. खोटं कशाला सांगू, तांदूळ निवडलेलेच होते. सोप्यात मामंजी बाजेवर बसून रेडिओ ऐकत होते. रेडिओवर गुळाचे भाव सांगत होते. त्यांनी तांब्या तोंडी लावला, प्याले, थांबले आणि तो अलगद खाली ठेवला. तळाशी एक घोट.

आत्याबाई आल्या. रोजच्यासारखा तांब्या उचलला. मी न्हाणीकडं बघत राहिले, पण त्या तिकडं गेल्याच नाहीत. बाजेसमोर जमिनीवर बसल्या, तांब्या मांडीवर घेऊन.

"अवो," त्या म्हणाल्या.

मामंजींनी वर पाहिलं. त्या त्यांना 'अवो' म्हणायच्या ते फक्त आंघोळीचं पाणी तापल्यावर.

"केरनला तुमच्या मागं कोण व्हतं?"

मामंजींनी रेडिओचा कान पिळला. आवाज बंद झाला. तुला हे कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही. ते तांब्याकडं बघत राहिले, आत्याबाई त्यांच्याकडं.

"म्हादू," ते म्हणाले. "म्हादू शेलार. मेढ्याकडचा."

"कसा व्हता?"

"बारका. झोपंत दात खायचा. कुणी त्याच्या शेजारी झोपायला तयार नसायचं. मी झोपायचो."

आत्याबाईंनी मान हलवली, जशी त्या पाहुण्यांच्या घरची माणसं समजून घेताना हलवायच्या. "मग, घोट ऱ्हायला व्हता का त्याच्यापुरता?"

"ऱ्हायला व्हता की," मामंजी झटकन म्हणाले, हिशेबात चूक काढल्यासारखे. "चांगला मोठा घोट व्हता. मी बाटली धरून बसलो व्हतो. हाक मारली त्यानं खालनं, आलो म्हणला. म्या बी म्हणलं, ये, तुझं हाय हितं." त्यांनी हात पुढं केला, बाटली धरावी तसा, आणि तो तसाच राहिला. "येतच व्हता. यायचाय अजून."

मला त्या क्षणी आत्याबाईंचा हेवा वाटला. हे काय हेवा वाटण्याचं आहे, असं कुणी म्हणेल. पण माझ्या नवऱ्यानं मला जन्मात ललगुणच्या पलीकडं नेलं नाही. आणि इथं एक माणूस एका बाईला, कितीतरी वर्षांनी का होईना, त्या उघड्या डोंगरावर स्वतःच्या शेजारी बसायला जागा करून देत होता.

आत्याबाईंनी तांब्या वर उचलला. आयुष्यभर न्हाणीत ओतलेला तो घोट त्यांनी तोंडात घेतला, सावकाश, जसा प्रसाद घेतात तसा. पदरानं ओठ पुसले. मग रिकामा तांब्या मामंजींच्या पुढं केलेल्या हातात ठेवला आणि त्यांची बोटं त्याच्याभोवती मिटवली.

"त्यो यायचा न्हाई आता," त्या म्हणाल्या. "म्हादू मेला, अवो. तितंच मेला. तुमच्या मागं मी हाय."